फोर्स आउटबोर्ड: एका स्वस्त इंजिनाची वंशावळ, त्याची बदनामी आणि आजचा खरेदीदार

अमेरिकेच्या उत्तरेकडील सरोवरांच्या प्रदेशात जुनी मोटरबोट विकत घ्यायला निघालेल्या माणसाला जाहिराती चाळताना एक गोष्ट लवकरच लक्षात येते. एकाच वर्षाच्या, एकाच लांबीच्या आणि साधारण सारख्याच अवस्थेतील दोन होड्यांपैकी जिच्या मागच्या फळीवर ‘फोर्स’ नावाचे आउटबोर्ड, म्हणजे होडीच्या मागे बाहेरून लावायचे, इंजिन बसवलेले असते, तिची किंमत दुसरीपेक्षा ठळकपणे कमी असते. कारण विचारले की बहुतेक जण एवढेच सांगतात की ते इंजिन वाईट आहे. काही कारखान्यांचे मेकॅनिक तर ते दुरुस्तीला घेतच नाहीत. या इंजिनाबद्दल मराठीत काही लिहिलेले माझ्या वाचनात आलेले नाही. इकडे मिडवेस्टमध्ये राहणारी मराठी कुटुंबे मात्र पहिली होडी घेताना हमखास याच प्रश्नापाशी येऊन थांबतात, कारण हाताशी असलेल्या पैशांत बसणारी होडी बहुधा बेलायनर कंपनीची जुनी होडी असते आणि तिच्यावर फोर्सच असते. विस्कॉन्सिनमध्ये गोड्या पाण्यात मी स्वतः 1990च्या दशकाच्या उत्तरार्धातील 90 अश्वशक्तीचे फोर्स वापरतो, त्यामुळे हे परीक्षण ऐकीव माहितीवर बेतलेले नाही. तरीही इंजिनाबद्दल मत देण्याआधी ते कुठून आले हे सांगणे मला आवश्यक वाटते, कारण त्याचे गुण आणि दोष दोन्ही त्याच्या घराण्यात सापडतात.

हे घराणे विस्कॉन्सिनमधील हार्टफर्ड या लहानशा गावातील एका कारखान्याचे आहे. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात किसेल बंधू तेथे मोटारगाड्या बनवू लागले. त्यांच्या गाड्या देखण्या आणि महागड्या होत्या. त्यांची ‘गोल्ड बग’ ही दोन आसनी गाडी आजही जुन्या गाड्यांच्या रसिकांना ठाऊक आहे. 1930च्या सुमारास आलेल्या महामंदीने अशा गाड्यांचे गिऱ्हाईक नाहीसे केले आणि कारखाना आर्थिक संकटात सापडला. पुनर्रचना झाल्यावर त्याच छपराखाली निराळाच माल तयार होऊ लागला. सिअर्स, रोबक या टपालाने माल पाठवणाऱ्या प्रचंड दुकानासाठी ‘वॉटरविच’ नावाची आउटबोर्ड इंजिने तेथे बनू लागली. एकेकाळी धनिकांसाठी गाड्या घडवणारे कारागीर आता शेतकऱ्याला आणि गिरणीकामगाराला परवडेल असे, सूचिपत्रातून मागवता येणारे इंजिन घडवू लागले. त्या काळी जॉन आर. मॉर्गन यांनी आरेखित केलेले वॉटरविच इतके सुडौल होते की पुढे कलासंग्रहालयांनी ते वस्तुरचनेचा नमुना म्हणून जपून ठेवले. स्वस्त इंजिन ओबडधोबडच असले पाहिजे असे नाही, हे हार्टफर्डने त्या काळातच दाखवून दिले होते.

दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस हा कारखाना शेजारच्या वेस्ट बेंड गावातील वेस्ट बेंड अ‍ॅल्युमिनियम कंपनीकडे गेला. ही कंपनी 1911 साली स्थापन झालेली, अ‍ॅल्युमिनियमची भांडीकुंडी करणारी होती. अ‍ॅल्युमिनियमच्या ओतकामातील जाणकारी आणि तयार कारखाना या दोन्ही गोष्टी आउटबोर्डच्या धंद्याला उपयोगी होत्या. युद्धानंतर सिअर्ससाठी ‘एल्जिन’ या नावाने असंख्य इंजिने येथूनच बाहेर पडली आणि 1950च्या दशकात कंपनी स्वतःच्या नावानेही इंजिने विकू लागली. इव्हिनरूड, जॉन्सन आणि मर्क्युरी ही तेव्हाची प्रतिष्ठेची नावे होती. त्यांपैकी इव्हिनरूड आणि मर्क्युरी याच विस्कॉन्सिन राज्यातील. ओले इव्हिनरूड यांनी मिलवॉकीत 1909 साली आपला व्यवसाय उभारला, तर कार्ल कीखेफर यांनी 1939 साली सीडरबर्गमध्ये मर्क्युरीचा पाया घातला. हार्टफर्डचा कारखाना त्यांच्यापासून मोटारीने तासाभराच्या आतल्या अंतरावर होता, पण त्याचा ग्राहक वेगळा होता. आवाज थोडा अधिक असला, झाकण कमी चकचकीत असले तरी चालेल, पण किंमत कमी हवी, असे म्हणणाऱ्या माणसासाठी तो काम करत होता.

1965 मध्ये क्रायस्लर या मोटारकंपनीने वेस्ट बेंडचा आउटबोर्ड विभाग विकत घेतला. त्याच वर्षी तिने टेक्सासमधील लोन स्टार ही होड्या बांधणारी कंपनीही घेतली, आणि ग्राहकाला होडी व इंजिन दोन्ही एकाच नावाखाली देण्याचा बेत आखला. पुढील पंधरा वर्षांत हार्टफर्डमधून अगदी लहान इंजिनांपासून शंभराहून अधिक अश्वशक्तीच्या इंजिनांपर्यंत मोठी मालिका तयार झाली. पुढे फोर्स म्हणून विकल्या गेलेल्या इंजिनांचे मूळ आराखडे याच काळातले आहेत, हे येथे ठळकपणे नोंदवावेसे वाटते. दोन सिलिंडरांचे 50, तीन सिलिंडरांचे 85 आणि चार सिलिंडरांचे 125 अश्वशक्तीचे इंजिन ज्या सांगाड्यावर उभे राहिले, तो सांगाडा क्रायस्लरने दिलेला होता. क्रायस्लरकडे त्यावर पुढे खर्च करायला पैसे उरले नाहीत. 1970च्या दशकाअखेर कंपनी दिवाळखोरीच्या उंबरठ्यावर पोहोचली. जानेवारी 1980 मध्ये अमेरिकी सरकारने दीड अब्ज डॉलरच्या कर्जाला हमी देणारा कायदा केला तेव्हा कुठे ती तगली. ली आयाकोका यांच्या नेतृत्वाखाली गाड्यांचा मूळ धंदा सावरण्यासाठी इतर विभाग विकणे क्रमप्राप्त झाले. रणगाड्यांचा विभाग 1982 मध्ये गेला आणि 1984 मध्ये सागरी विभागाचा क्रम लागला.

हा विभाग घेणारे गृहस्थ होते ओरिन एडसन, बेलायनर या होडीकंपनीचे संस्थापक. वॉशिंग्टन राज्यात 1957 पासून होड्या विकणाऱ्या एडसन यांना सामान्य ग्राहकाची अडचण नेमकी समजली होती. होडी एका ठिकाणी घ्यायची, इंजिन दुसरीकडे, ट्रेलर तिसरीकडे, मग कोणाकडून तरी तारा, स्टिअरिंग आणि इंधनाची नळी जोडून घ्यायची, आणि या सगळ्यांतून अंतिम आकडा किती होईल हे घरी परतेपर्यंत कळायचे नाही, अशी तेव्हाची पद्धत होती. बेलायनरने होडी, इंजिन आणि ट्रेलर मिळून एकच किंमत जाहीर केली आणि सारे जोडकाम कारखान्यातच उरकून दिले. या योजनेत बाहेरून घ्यावा लागणारा सर्वांत महाग भाग इंजिन हाच होता. हार्टफर्डचा कारखाना हाती आल्यावर तोही भाग घरचा झाला, आणि त्याला ‘फोर्स’ हे नाव मिळाले. यामुळे अमेरिकेतील अनेक मध्यमवर्गीय कुटुंबांना नवी कोरी मोटरबोट परवडू लागली. फोर्सला नावे ठेवणाऱ्यांनी या गोष्टीचे श्रेय त्याला क्वचितच दिले आहे.

माझ्या मते फोर्सची बदनामी समजून घ्यायची असेल तर या एकत्रित विक्रीचा नीट विचार करायला हवा. फोर्स स्वतंत्रपणे निवडून घेणारे ग्राहक थोडे होते. बहुतेकांकडे ते होडीबरोबर आले. त्यातील असंख्य जण आयुष्यात पहिल्यांदाच होडीचे मालक झाले होते. दोन-स्ट्रोक इंजिनात पेट्रोलमध्ये तेल मिसळावे लागते, हिवाळ्याआधी कार्ब्युरेटर रिकामे करावे लागतात, इंजिन थंड ठेवणाऱ्या पाण्याच्या पंपातील इंपेलर, म्हणजे पाणी ढकलणारे रबरी चक्र, ठरावीक काळाने बदलावा लागतो, हे त्यांना कोणी शिकवलेले नव्हते. विस्कॉन्सिन किंवा मिनेसोटासारख्या राज्यांत होडी वर्षातील निम्म्याहून अधिक काळ ट्रेलरवर झाकून ठेवलेली असते. तेवढ्या अवधीत कार्ब्युरेटरच्या वाटीतील पेट्रोल उडून जाते आणि मागे चिकट थर राहतो, ज्याने बारीक छिद्रे बुजतात. अनेक मॉडेलांत प्रत्येक सिलिंडरला स्वतंत्र कार्ब्युरेटर आहे, त्यामुळे एकच कार्ब्युरेटर बुजला तर इंजिन चालू राहते, पण त्या एका सिलिंडरला इंधन कमी मिळते. या इंजिनांत वंगणाचे तेल इंधनातूनच येत असल्याने तेलही कमी मिळते. बाकीच्या सिलिंडरांच्या जोरावर होडी धावत राहते, मालकाला केवळ थोडी ताकद घटल्याचे जाणवते, आणि तो ती भरून काढण्यासाठी थ्रॉटल आणखी पुढे ढकलतो. अशा रीतीने पिस्टन जळतो. हा प्रसंग कोणत्याही कंपनीच्या जुन्या दोन-स्ट्रोक इंजिनावर येऊ शकतो, परंतु नवशिक्या मालकांची संख्या फोर्सच्या वाट्याला अधिक आली आणि जळालेल्या पिस्टनांचा हिशेबही त्याच्याच नावावर लागला.

दुसरी बाजू दुकानदारांची आहे. इव्हिनरूड किंवा मर्क्युरी विकणाऱ्या दुकानदाराला कारखान्यातून जोडून आलेल्या, सर्वत्र जाहीर किंमत असलेल्या या योजनेत काही मिळत नव्हते. तो फोर्सचे सुटे भाग ठेवत नसे आणि त्याच्या मेकॅनिकला त्या इंजिनाची सवय नसे. सवय नसलेल्या यंत्रावर काम करताना वेळ अधिक लागतो, बिल वाढते, आणि स्वस्त होडीच्या मालकाला ते बिल अधिकच बोचते.

असे असले तरी सारा दोष मालकांवर आणि दुकानदारांवर ढकलणे अन्यायाचे होईल. सुरुवातीच्या फोर्स इंजिनांत खरे दोष होते आणि ते सांगितलेच पाहिजेत. त्यांतील प्रमुख दोष विजेच्या प्रणालीत होता. 1980च्या दशकातील अनेक मॉडेलांवर प्रेस्टोलाइट कंपनीची प्रज्वलनयंत्रणा, म्हणजे इंधन पेटवणारी ठिणगी पाडणारी यंत्रणा, होती. तीत फ्लायव्हील या फिरत्या जड चाकाखाली बसवलेल्या स्टेटर या स्थिर भागातील तारेच्या गुंडाळ्या उच्च दाबाची वीज निर्माण करतात, ती एका डबीतील कपॅसिटरमध्ये साठवली जाते आणि योग्य क्षणी कॉइलमार्गे स्पार्क प्लगकडे सोडली जाते. उष्णतेने या स्टेटरवरील आवरणाला तडे जातात आणि गुंडाळ्या निकामी होतात. डब्याही कालांतराने दगा देतात, आणि बिघाड बहुधा इंजिन तापल्यावरच दिसत असल्याने घरासमोर उत्तम सुरू होणारे इंजिन सरोवराच्या मध्यावर बंद पडते. ज्या गुणासाठी माणूस इंजिनावर जीव सोपवतो, नेमक्या त्याच गुणात ही उणीव होती. तीन सिलिंडरांच्या अनेक मॉडेलांत दोन डब्या असतात, म्हणून त्यांची आपसांत अदलाबदल करून बिघाड त्यांच्याबरोबर दुसऱ्या सिलिंडरांकडे सरकतो का, हे पाहता येते. जुने जाणते मेकॅनिक हीच पद्धत वापरतात आणि त्यासाठी महागडे उपकरण लागत नाही.

याखेरीज सुरुवातीच्या बऱ्याच इंजिनांना बटणाने कलती करण्याची सोय नव्हती, ती हाताने उचलावी लागत. आवाज आणि कंप समकालीन मर्क्युरीपेक्षा अधिक होता. तेल आपोआप मिसळणारी यंत्रणा बहुतेक मॉडेलांवर नव्हती. गंमत अशी की ही शेवटची उणीव आज मला गुणासारखी वाटते, कारण जुन्या इंजिनांवरील तेलाचे पंप बंद पडून इंजिन जळण्याचा धोका येथे संभवत नाही. 6 गॅलनच्या, म्हणजे सुमारे 23 लिटरच्या टाकीत एक पाइंट, म्हणजे अर्ध्या लिटरला थोडे कमी तेल ओतले की 50ला 1 हे प्रमाण जमते, आणि आपण काय ओतले हे आपल्याला पक्के ठाऊक असते.

गुणांचा विचार करताना मी सर्वांत आधी इंजिनाच्या मूळ ठोकळ्याचे नाव घेईन. अ‍ॅल्युमिनियमच्या ठोकळ्यात बिडाच्या नळ्या बसवलेल्या असल्याने सिलिंडर खरवडला गेला तरी तो किंचित मोठा घासून, मोठ्या मापाचा पिस्टन घालून पुन्हा कामाला लावता येतो. रचना इतकी उघडी आणि साधी आहे की झाकण काढताच कार्ब्युरेटर, कॉइल आणि तारा समोर दिसतात. संगणकाची गरज कुठेच लागत नाही. ज्याला आपल्या हाताने पाना फिरवायची आवड आहे, त्याला हे इंजिन शिकवते, आणि एकदा शिकवल्यावर सहसा फसवत नाही.

फोर्सच्या इतिहासातील निर्णायक वळण 1986 मध्ये आले. ब्रन्सविक कॉर्पोरेशनने सुमारे साडेबेचाळीस कोटी डॉलर देऊन बेलायनर घेतली आणि तिच्याबरोबर फोर्सही ब्रन्सविककडे गेले. मर्क्युरी 1961 पासूनच ब्रन्सविककडे होती. म्हणजे देशातील एक मानाचे आणि एक स्वस्त, अशी दोन इंजिने आता एकाच घरात नांदू लागली. याचा फायदा हळूहळू दिसू लागला. 1990च्या दशकात फोर्सवर मर्क्युरीची थंडरबोल्ट प्रज्वलनयंत्रणा आली आणि पुढे खालचा गिअरचा भागही मर्क्युरीच्या धाटणीचा झाला. वरचा ठोकळा हार्टफर्डच्या घराण्याचा आणि बाकी बरेचसे मर्क्युरीचे, असे हे शेवटच्या वर्षांतील इंजिन आहे. पहिल्या पिढीतील जे दोष मी वर सांगितले, त्यांतील सर्वांत त्रासदायक दोष या पिढीत दूर झाले, पण तोपर्यंत लोकांचे मत बनून गेले होते. 1985चे 85 आणि 1997चे 90 यांना एकाच पारड्यात घालून दोन्हींना सारखेच नाकारणारे लोक मी पाहतो तेव्हा मला खरोखर वाईट वाटते, कारण त्यामुळे एक चांगले इंजिन केवळ नावापायी भंगारात जाते.

फोर्सचा शेवट 1999च्या सुमारास झाला. अमेरिकेच्या पर्यावरण संस्थेने 1996 मध्ये सागरी इंजिनांच्या धुराविषयी नियम केले आणि ते 1998 पासून टप्प्याटप्प्याने लागू होणार होते. जुन्या पद्धतीच्या दोन-स्ट्रोक इंजिनात नवे मिश्रण आत येत असतानाच जळालेला वायू बाहेर पडत असतो, त्यामुळे इंधनाचा मोठा भाग, काही वेळा चौथा हिस्सा किंवा अधिक, न जळताच पाण्यात आणि हवेत जातो. नव्या नियमांच्या काळात अशा साध्या इंजिनाला दीर्घ भविष्य नव्हते, आणि बेलायनरच्या होड्यांवर पुढे मर्क्युरी हेच नाव आले. सरोवरांच्या पाण्याची काळजी असलेल्या माणसाने हा बदल योग्यच होता असे म्हटले पाहिजे, आणि मीही तसेच म्हणतो.

आता आजच्या खरेदीदाराविषयी. माझ्या वापरात 90 अश्वशक्तीचे हे इंजिन सतरा फुटी होडी चार-पाच माणसांसह पाण्यावर सहज उचलते आणि एका मुलाला पाण्यावर घसरायला ओढण्याइतका जोर त्यात आहे. थंड इंजिन पहिल्यांदा सुरू होताना धूर करते. सावकाश चालताना ते थोडे अडखळते. माशांसाठी तासन्‌तास मंद गतीने फिरणाऱ्याला हे आवडणार नाही. पेट्रोलचा खर्च मोठा आहे. दोन-स्ट्रोक इंजिनाच्या अश्वशक्तीला दहाने भागले की पूर्ण वेगात ताशी किती गॅलन लागतील याचा ढोबळ अंदाज येतो. म्हणजे 90ला ताशी नऊ गॅलन, सुमारे 34 लिटर. अर्ध्या-पाऊण वेगात हा आकडा बराच खाली येतो, तरीही त्या वेगात आधुनिक चार-स्ट्रोक इंजिनाशी त्याची बरोबरी होत नाही. उन्हाळ्यात शनिवार-रविवारी थोडे फिरणाऱ्या कुटुंबाला हा फरक सोसतो. रोज पाण्यात जाणाऱ्याला सोसणार नाही.

सुटे भाग मिळत नाहीत ही समजूत मात्र चुकीची आहे. ब्रन्सविकच्या छत्रामुळे अनेक भाग आजही मर्क्युरीच्या पुरवठासाखळीतून मिळतात, आणि सिएरा व सीडीआय यांसारख्या कंपन्या इंपेलर, स्टेटर, डब्या असे नेहमी लागणारे भाग बनवतात. भाग मागवताना केवळ वर्ष सांगून भागत नाही. इंजिनावरच्या पट्टीवरील मॉडेल आणि अनुक्रमांक लिहून घ्यावा, कारण एकाच वर्षात दोन प्रकारची यंत्रणा बसवलेली आढळते. याला एक अपवाद आहे, तो ‘एल-ड्राइव्ह’ या प्रकाराचा. काही बेलायनर होड्यांत फोर्सचा इंजिनठोकळा होडीच्या आत बसवून केवळ खालचा भाग बाहेर ठेवलेला होता. ही रचना थोडीच वर्षे चालली, तिचे खास भाग मिळवणे कठीण आहे आणि होडीत जागा अडचणीची आहे. तो प्रकार कितीही स्वस्त मिळाला तरी घेऊ नये.

होडी पाहायला जाताना विक्रेत्याला इंजिन आधी सुरू करून ठेवू नका असे सांगावे, कारण थंड इंजिन कसे सुरू होते यावरून पुष्कळ कळते. प्रत्येक सिलिंडरमधील दाब मोजावा आणि त्यांत दहा टक्क्यांहून अधिक तफावत असेल तर सौदा सोडून द्यावा. गिअरच्या तेलाचा खालचा स्क्रू सैल करून थोडे तेल बोटावर घ्यावे. ते दुधासारखे पांढरट असेल तर आत पाणी शिरलेले आहे, आणि त्यात धातूचे कण चमकत असतील तर गिअर झिजलेले आहेत. फ्लायव्हीलच्या खाली टॉर्च मारून स्टेटरमधून चिकट द्रव ओघळला आहे का ते पाहावे. इंजिन चांगले तापेपर्यंत पाण्यात चालवून बघण्याचा आग्रह धरावा आणि विक्रेता त्याला तयार नसेल तर पुढे जाऊ नये. खाऱ्या पाण्यात वापरलेले फोर्स शक्यतो टाळावे. इंजिनाइतकेच लक्ष होडीच्या मागच्या फळीकडे द्यावे, कारण त्या काळातील होड्यांत फायबरच्या आत प्लायवूड असते, ते पाणी पिऊन कुजते, आणि ती दुरुस्ती इंजिनापेक्षा महाग पडते.

1990च्या आधीचे इंजिन असेल तर स्टेटर आणि डब्या बदलण्याचा खर्च मनात धरूनच बोली लावावी. 1995 किंवा त्यानंतरचे, गोड्या पाण्यात वापरलेले, दाब सारखा असलेले 75, 90 किंवा 120 अश्वशक्तीचे फोर्स मिळत असेल आणि कार्ब्युरेटर स्वतः साफ करण्याची तयारी असेल, तर नावाला न घाबरता घ्यावे, आणि किमतीत वाचलेल्या पैशांतून पहिल्याच आठवड्यात नवा इंपेलर, नव्या इंधननळ्या व नवे स्पार्क प्लग बसवावेत.